काळी बस आणि कोरा अर्ज

६ डिसेंबर २०२२ रोजी स्वारगेटला कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. आमच्या बिबवेवाडीपासून स्वारगेट तीन-चार किलोमीटर. तरी आम्ही ती बस पाहिली ती मोबाईलवरच. पहिली पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर दहा जण एका फोनभोवती डोकी जुळवून उभे होतो. त्याच दिवशी तिकडे बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या मालट्रकांवर दगड पडले, तेही पाहिले. रात्रीपर्यंत तीच बस आणि तेच दगड. निवेदक ओरडत होते, पुढारी ओरडत होते, खाली लाल पट्टी पळत होती.

पण ज्याच्या नावाने हे सगळे चालले होते तो माणूस कुठे होता? बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी इथला मराठी माणूस त्या दिवशी पडद्यावर आला का? त्याचे दुखणे नेमके काय, त्याला कचेरीत कोणत्या भाषेतला कागद मिळतो, त्याच्या पोराच्या शाळेत मास्तर आहे की नाही, हे कुणी विचारले का? आम्ही डोळे फाडफाडून पाहिले. आम्हांला तरी तो दिसला नाही.

म्हणून ह्या अंकाचा अग्रलेख सीमाप्रश्नावर असला तरी वर्तमानपत्रांवर आणि वाहिन्यांवरही आहे. आमचे म्हणणे एवढेच, की भाषेचे राज्य मागणे आणि माणसाला मोकळेपणी बोलू देणे ह्या दोन मागण्या नव्हेत, ही एकच मागणी आहे. आणि ती मागताना आम्ही दुसऱ्याचे तोंड दाबू लागलो, तर आमची मागणी आम्हीच मारली असे होईल. हे वाचून आमच्यातल्याच काहींना राग येईल. येऊ द्या. पुस्तिका विकत घेतली आहे तर पुरती वाचा, मग रागवा.

आधी घरची एक गोष्ट सांगतो. मागे आम्ही बिबवेवाडीत चौकसभा ठेवली होती. विषय सीमाभागातल्या मराठी शाळा. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला फोन केला. माणूस भला, तरुण पोरगा. तो म्हणाला, ‘‘दादा, काही राडा होणार आहे का?’’ आम्ही म्हणालो, ‘‘नाही हो, भाषणं होणार आहेत.’’ ‘‘पुतळाबितळा जाळणार?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग असं करा, काही झालं तर फोन करा.’’ काही झाले नाही. दोनशे माणसे दोन तास उभी राहून ऐकत होती, एका बाईने बेळगावच्या माहेरची हकीकत सांगितली तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. पण ‘काही झाले नाही’. दुसऱ्या दिवशी अंकात ओळ नाही.

आम्ही त्या पोराला दोष देत नाही. तोही पगारी माणूस, त्याच्याही डोक्यावर मुकादम आहे. त्याला काय आणायला सांगितले जाते हे तो कोठे ठरवतो? साच्यावर कापड कोणते काढायचे हे आम्ही ठरवत नाही, तसेच त्याचे. मात्र ह्याचा परिणाम काय होतो ते बघा. ज्याला बातमीत यायचे आहे त्याला रंगाचा डबा विकत घ्यावा लागतो. रंगाचा डबा घेतला की कॅमेरा येतो. कॅमेरा आला की पुढारी येतो. आणि अर्ज घेऊन खिडकीपाशी उभा असलेला माणूस तसाच उभा राहतो.

त्या अर्जाचे आता सांगतो, कारण सगळे मूळ तिथे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि बेळगाव, कारवार, बिदरकडचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या साली घटनेत सातवी दुरुस्ती झाली आणि दोन कलमे नवी घातली गेली. ३५० अ म्हणते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. ३५० ब म्हणते की ह्या अल्पसंख्याकांच्या हक्कांवर देखरेख करायला एक आयुक्त नेमावा. पुढे असेही ठरले की जिथे एखाद्या भाषेची माणसे शंभरात पंधरा किंवा जास्त असतील, तिथे महत्त्वाचे नियम, सूचना, नोटिसा त्यांच्या भाषेतही छापाव्यात. शंभरात पंधरा! खानापूर तालुक्यात, बेळगाव शहरात मराठी माणसे काय फक्त पंधरा आहेत? तरी तिथला म्हातारा शेतकरी सात-बाराच्या उताऱ्यासाठी जातो आणि हातात येतो तो कानडी कागद. वाचता येत नाही, भरता येत नाही. शेजाऱ्याच्या पोराला पकडायचे, नाहीतर बाहेर बसलेल्या लिहिणाऱ्याला पैसे द्यायचे, तोवर अर्ज कोरा.

आता कुणी म्हणेल, एवढ्या अर्जासाठी केवढा गहजब! त्याला आम्ही विचारतो, बाबा, तुझ्यावर खटला भरला आणि आरोप तुला न कळणाऱ्या भाषेत वाचला, तर तू काय करशील? व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे आम्ही चौथी शिकलेली माणसे पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या हातात न कळणारा कागद दिला आणि ‘इथे अंगठा कर’ म्हटले, तेव्हा शिकलो. आपल्यावर चाललेला कारभार आपल्याला कळणे आणि त्यावर आपल्याला कळणाऱ्या भाषेत उलट बोलता येणे, आमच्या लेखी स्वातंत्र्य हेच.

ही गोष्ट आजची नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरून. लेख मराठी, कोर्ट इंग्रजी. ज्यूरीत नऊ माणसे, त्यांतले सात गोरे. टिळक त्या कोर्टात पुन्हा पुन्हा सांगत राहिले की माझ्या लेखांचे भाषांतरच चुकीचे केले आहे, शब्दांचा अर्थ वाकडा लावला आहे. सात विरुद्ध दोन अशा मताने ज्यूरीने दोषी ठरवले आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे काय झाले ते आमच्या गिरणगावाने केले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. सहा वर्षांची शिक्षा, वर्षाला एक दिवस. लष्कर रस्त्यावर आले, गोळ्या चालल्या, कामगार पडले. त्यांतल्या कितीजणांना ‘केसरी’ वाचता येत होता? फार थोड्यांना. पण एका संपादकाला लेखासाठी तुरुंगात टाकतात, तेव्हा ते आपल्याच तोंडावर बसते, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना कळले होते.

(आज तसा संप करायचा म्हटले तर चौदा दिवस आधी नोटीस द्या असे नवी औद्योगिक संबंध संहिता म्हणते. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. फ्लोरा फाऊंटनला १५ माणसे गोळीला बळी पडली ती १९५५ ची २१ नोव्हेंबरच. तारखा निवडणाऱ्यांना इतिहास ठाऊक नसतो की ठाऊक असून चालतो, देव जाणे.)

त्याच्याही आधीची एक गोष्ट आमच्या सभांत फारशी कुणी सांगत नाही. १८८२ साली कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर ह्या दोघा तरुण संपादकांवर बदनामीचा खटला झाला. जामीन हवा होता दहा हजारांचा. त्या काळचे दहा हजार! ते उभे केले रामशेठ उरवणे यांनी, आणि सांगितले कुणी, तर जोतीराव फुल्यांनी. टिळकांचे आणि फुल्यांचे विचार किती जुळत होते हे आम्ही सांगायला नको. ‘केसरी’ एकीकडे आणि ‘दीनबंधु’ दुसरीकडे. हा ‘दीनबंधु’ कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली इथे पुण्यात काढला आणि १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवला. ज्या लोखंड्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि १८९० साली आम्हांला रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेच हे. टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून बाहेर आले तेव्हा स्वागताला सत्यशोधक मंडळी हजर होती. मत पटत नाही, पण त्याने लिहिले म्हणून त्याला कोंडू नका, असे म्हणणारी माणसे ह्या पुण्यात होती.

मग १९५६ साल. १६ जानेवारीला पंडित नेहरूंनी रेडिओवरून सांगितले की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती केंद्राच्या हाताखाली राहील. आपल्या राजधानीचे काय झाले हे लोकांना घरातल्या किंवा हॉटेलातल्या पेटीतून कळले. रेडिओ सरकारचा. त्या पेटीत ऐकायची सोय होती, उलट बोलायची नव्हती. लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. बेळगावातही १७ जानेवारीला माणसे पडली, तो दिवस तिथे अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतात. त्यानंतर ६ फेब्रुवारीला इथे पुण्यात केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक काढले. आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी कानांनी वर्तमानपत्र वाचले. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर डफावर थाप मारून चौकाचौकांत बातमी सांगत होते. मोठी पत्रे आपली नव्हती तेव्हा माणसांनी रडत न बसता आपली पत्रे काढली. तुमच्या हातात आहे ही पुस्तिका त्यांच्याच वंशातली, गरीब आणि वाईट छापलेली.

आता एक अवघड गोष्ट. तीही पुण्याचीच.

१९५६ साली केंद्र सरकारने वर्तमानपत्रांच्या किमती आणि पाने ह्यांचा कायदा केला आणि १९६० साली हुकूम काढला. अमुक पाने द्यायची तर अमुक किंमत लावलीच पाहिजे. सरकार म्हणाले, मोठी पत्रे स्वस्तात जास्त पाने देऊन लहान पत्रांना मारतात, म्हणून हे. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळत होता. हुकूम पाळायचा तर किंमत वाढवा, नाहीतर पाने तोडा. ‘सकाळ’ सुप्रीम कोर्टात गेला. लक्षात ठेवण्यासारखे हे, की कोर्टात फक्त मालक गेला नाही. वाचकांनीही याचिका केल्या होत्या. आमचे पत्र महाग करण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे वाचक विचारत होते! सप्टेंबर १९६१ मध्ये पाच न्यायाधीशांनी निकाल दिला आणि कायदा व हुकूम रद्द केले. म्हणाले, विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात तो विचार जास्तीत जास्त माणसांपर्यंत पोचवण्याचे स्वातंत्र्य येते, आणि धंद्यातली विषमता मिटवायच्या नावाने त्याला कात्री लावता येणार नाही.

युनियनवाले म्हणून आम्हांला हा निकाल गिळायला थोडा जड जातो, हे कबूल करतो. कारण सरकारने दाखवलेला हेतू खोटा नव्हता. मोठा मासा लहान माशाला खातो, हे गिरणीत पाहिले तसे छापखान्यातही पाहिले. आज तर एकाच मालकाचे वर्तमानपत्र, त्याचीच वाहिनी, त्याचाच बांधकामाचा धंदा. पहिल्या पानावर बिल्डरची पानभर जाहिरात, आणि आतल्या पानावर झोपडपट्टी ‘अडथळा’ ठरते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काय झाले? उमेदवाराची स्तुती एकाच शब्दांत वेगवेगळ्या पत्रांत छापून आली, जणू एकाच माणसाने तीन नावांनी लिहिली. पी. साईनाथ यांनी हे चव्हाट्यावर मांडले, प्रेस कौन्सिलनेही पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चौकशी केली. म्हणजे बातमी विकली गेली, आणि विकणाऱ्याच्या हातात १९६१ च्या निकालाची ढाल होतीच.

तरीसुद्धा आम्ही त्या निकालाच्याच बाजूने आहोत. रात्रपाळीला जेवणाच्या सुट्टीत ह्यावर आमचे कडाक्याचे भांडण झाले आहे, म्हणून विचार करून लिहितो. मालकाची पाने तोडण्याची कात्री एकदा सरकारच्या हाती दिली, की ती मालकापाशी थांबत नाही. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा ती कुणाकुणावर चालली? साने गुरुजींनी काढलेल्या पुण्याच्या ‘साधना’वर चालली. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोललेल्या दुर्गाबाई भागवतांना पुढच्या वर्षी तुरुंगात जावे लागले. म्हणून मालकाशी आमचे भांडण आम्ही स्वतः करू. त्याचा अंक घेऊ नका म्हणू, त्याच्या दारात सभा घेऊ, त्याच्या छापखान्यातल्या कामगारांची युनियन बांधू. पण पोलिसाला सांगणार नाही की ह्याचे दार बंद कर.

आणि सीमाभागात तर दार बंदच असते. १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा, तर बंदोबस्त. विधानसभेचे अधिवेशन बेळगावात भरते तेव्हा एकीकरण समिती महामेळावा घेऊ म्हणते. १९ डिसेंबर २०२२ रोजी परवानगी नाकारली, जमावबंदी लावली, कार्यकर्त्यांना उचलले. त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांना बेळगावात यायला मज्जाव झाला. जमावबंदीचे जुने १४४ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३ झाले. आकडा बदलला, दोर तोच. येळ्ळूरला वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक होता, तो जुलै २०१४ मध्ये कोर्टाच्या हुकुमाने पाडला आणि मग गावात लाठ्या चालल्या. फलक म्हणजे काय? दगडावर लिहिलेले गावाचे मत. ते मत चूक असेल, सरकारला टोचत असेल. पण मताला लाठी हे उत्तर कधीपासून झाले?

पण हे कर्नाटक सरकारला विचारण्याआधी आम्हांला आमच्याकडेही बघावे लागते. इथेच आमच्यातले काही रागावणार आहेत.

५ जानेवारी २००४ रोजी ह्याच पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. कपाटे फोडली, पुस्तके-पोथ्यांची नासधूस केली. कारण काय, तर शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकात वाईट मजकूर होता आणि त्याने आभाराच्या यादीत ह्या संस्थेचे नाव घेतले होते. मजकूर वाईट होताच, आम्हांलाही तो ऐकून संताप येतो. पण ज्या पोथ्यांतून महाराजांचा काळ समजायचा त्याच पोथ्या पायदळी? सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती हायकोर्टाने २००७ साली उठवली आणि २०१० साली सुप्रीम कोर्टाने तेच कायम केले. बंदीने पुस्तक मेले नाही. उलट ज्यांनी नाव ऐकले नव्हते त्यांनीही ऐकले. खोट्या इतिहासाला उत्तर द्यायचे तर खरा इतिहास लिहावा लागतो, आणि त्याला पोथ्या लागतात, अभ्यास लागतो. दगड मारणे सोपे आहे हो, आम्हांलाही येते.

तसेच नोव्हेंबर २००९ मध्ये एका मराठी वृत्तवाहिनीच्या कचेरीत घुसून तोडफोड झाली, माणसांना मार बसला. ती मराठीच्याच नावाने. मारणारा मराठी, मार खाणारा मराठी, वाहिनीही मराठी. आम्ही तेव्हा पोरसवदा होतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो, हेही लिहून ठेवतो.

आता जत तालुक्याकडे या. सांगली जिल्ह्यातल्या ह्या दुष्काळी तालुक्यातल्या चाळीसएक गावांनी २०१२ साली ठराव केला, की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव बाहेर काढले आणि इकडे आरडाओरड झाली. जतच्या लोकांना कुणी द्रोही म्हटले, कुणी फितूर. आम्ही म्हणतो, येळ्ळूरच्या माणसाने ‘आम्हांला महाराष्ट्रात यायचे आहे’ म्हटले की तो वीर, आणि जतच्या माणसाने ‘आम्हांला पाणी द्या नाहीतर जातो’ म्हटले की तो फितूर, हा कुठला न्याय? त्याला शिव्या देऊ नका, पाणी द्या. तिथे कानडी शाळा आहेत, त्या नीट चालवा, मास्तर वेळेवर नेमा. सोलापुरात, अक्कलकोटात कानडी बोलणारा आमचा कामगार बंधू आहे, त्याला शंभरात पंधराचा नियम आपण आधी लावू. मग बेळगावच्या खिडकीवर मूठ आपटताना आपला हात कापणार नाही.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी एकमताने ठराव केला, की बेळगाव, कारवार, बिदर, निपाणी, भालकीसह ८६५ गावांची इंच न् इंच जमीन महाराष्ट्रात आणू. दुसऱ्या दिवशी मोठमोठे मथळे. तिसऱ्या दिवशी? १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा घातला, निकाल अजून लागलेला नाही. दावा घातला त्या साली जन्मलेली पोरे मतदार होऊन गेली. ह्या दाव्यात पुढची तारीख कोणती, आपल्या सरकारने काय पुरावा दिला, कोणता वकील उभा राहिला, हे कोणत्या वाहिनीने तासभर सांगितले? त्यात ओरडण्यासारखे काही नाही म्हणून ती बातमी नव्हे. आणि मंत्री तरी कशाला सांगतील? ठराव केला त्याचे छायाचित्र आले, काम झाले.

इकडे आपल्या राज्यातही कान उघडे ठेवा. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. म्हणे जहाल डाव्या संघटनांसाठी आहे. पण बेकायदा कृत्याची व्याख्या इतकी सैल, की उद्या आमच्या द्वारसभेलाही ती पांघरता येईल. ज्या पत्रांनी त्या आठवड्यात ही व्याख्या वाचून समजावून सांगितली त्यांचे आम्ही आभार मानतो. अशी पत्रे आहेत, आणि त्यांच्यातले बातमीदार कमी पगारात जीव मारून काम करतात. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय निघाला तेव्हा मराठी पत्रांनी, शिक्षकांनी, पालकांनी आवाज उठवला, आणि २९ जून २०२५ रोजी तो मागे घ्यावा लागला. बस न जाळता. ह्याची नोंद आमच्या गरम डोक्याच्या पोरांनी घ्यावी.

शेवटी पुन्हा बसकडे येतो, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा आली. बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून भांडण झाले आणि कर्नाटकाच्या कंडक्टरला मार बसला. लगेच चित्रदुर्गाला महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरच्या तोंडाला काळे फासले. इकडे पुण्यात पुन्हा कर्नाटकाच्या गाड्यांना रंग. दोन्ही राज्यांची बससेवा थांबली. कोण अडकले? पोराला दवाखान्यात नेणारी बाई, सुट्टीला गावी निघालेला बांधकाम मजूर. आणि मार कुणाला बसला? एक कंडक्टर, एक ड्रायव्हर. दोघे खाकी कपड्यातले, दोघे पगारावर जगणारे. ह्या दोघांची युनियन एकच असायला हवी होती. त्यांच्या तोंडाला काळे फासून कोणत्या मराठी माणसाचा अर्ज भरला गेला, ते आम्हांला कुणी दाखवावे.

येत्या सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत, की बेळगावच्या कचेऱ्यांत मराठीत अर्ज आणि नोटिसा मिळाव्यात आणि त्याच नियमाने जत-अक्कलकोटला कानडीत मिळाव्यात. सुप्रीम कोर्टातल्या दाव्याचे काय चालले आहे ते महाराष्ट्र सरकारने दर तीन महिन्यांनी छापून सांगावे, हेही त्यात आहे. विरोधात बोलायचे असेल त्याने व्यासपीठावर यावे, त्याला तेवढाच वेळ मिळेल. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना बोलावणे धाडले आहे. आले तर पुढच्या रांगेत बसवावे, कुणी त्यांना ‘विकाऊ’ म्हणून ओरडू नये. नाही आले तर ज्याच्याकडे बरा फोन आहे त्याने भाषणे पुरती टिपावीत, नुसत्या घोषणा नकोत.

सभा सुटल्यावर स्वारगेटकडे जाणाऱ्यांनी रंगाचे डबे घरीच ठेवावेत. कर्नाटकाची गाडी उभी दिसली तर ड्रायव्हरला चहा विचारावा आणि ही पुस्तिका द्यावी, त्याच्याकडून दहा रुपये घेऊ नयेत. त्याला मराठी वाचता येत नसेल, तर मार्केट यार्डात ब्याडगी मिरचीची पोती उतरवणाऱ्या आमच्या बंधूंत कानडी बोलणारे आहेत, त्यांतल्या कुणाला तरी सोबत न्यावे. तो वाचून सांगेल.